रुमालाखालची स्पर्धा

लॉ कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला मी ‘स्पर्धा कायदा’ हा ऐच्छिक विषय घेतला आणि आमच्या गावानं मी स्पर्धा परीक्षेला बसते आहे असं ठरवून टाकलं. यात गावाची काही चूक नव्हती. बीडमध्ये स्पर्धा हा शब्द एकटा कधी फिरतच नाही. एसटी स्टँडवर उतरलं की समोरच्या भिंतीवर स्पर्धा परीक्षा, रिक्षाच्या पाठीवर स्पर्धा परीक्षा, चहाच्या टपरीमागे स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका. तेव्हा पोरगी बीडला राहून स्पर्धेचं काहीतरी करते म्हटल्यावर दुसरं काय असणार!

गैरसमज पसरवण्यात सर्वांत पुढे माझे वडील होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. कुणी विचारलं की ते मान ताठ करून सांगायचे, “बीडला हाय. स्पर्धाचं करती.” पुढचा विचारायचा, “फौजदाराचं का तहसीलदाराचं?” अण्णा क्षणभर आभाळाकडे बघायचे आणि म्हणायचे, “त्याच्याहून वरचं.”

मी त्यांना तीनदा बसवून समजावलं. म्हटलं, “अण्णा, परीक्षा न्हाई ती. कायदा हाय. व्यापाऱ्यांनी आपसात ठरवून भाव पाडू नये, एकट्यानं बाजार दाबू नये, ह्याचा कायदा.”

त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, “आसं सांगितलं तर चहा कोण पाजंल, माय?”

वर्गात आम्ही तिघंच होतो. मी, पंचेचाळिशीतले एक कोर्टातले कारकून, आणि तिसरा एक, ज्याला मी थेट परीक्षेच्या हॉलमध्ये पाहिलं. सरांना मात्र तीन काय आणि तीनशे काय, सारखंच. ते फळ्यावर दोन शब्द लिहून शिकवायला सुरुवात करायचे. पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं की अमेरिकेत ह्या विषयाला अँटिट्रस्ट म्हणतात. कारकुनांनी हात वर केला. “म्हणजे सर, संस्थाचालकांच्या विरोधातला कायदा का?” आमच्याकडे ट्रस्ट म्हणजे शाळा-कॉलेज चालवणारी संस्था, दुसरा अर्थच नाही. सरांनी आधी दाराकडे बघितलं, मग म्हणाले, “हळू बोला हो, पगार त्यांच्याकडूनच येतो.”

दुसऱ्या दिवशीचे दोन शब्द होते सहकार आणि संगनमत. सरांनी विचारलं, “चार जण एकत्र आले की एकदा त्याला आपण सहकार म्हणतो आणि हार घालतो. एकदा संगनमत म्हणतो आणि दंड करतो. फरक काय?” ज्या जिल्ह्यात दूध सहकारी, बँक सहकारी, साखर सहकारी, तिथं हा प्रश्न विचारायचा म्हणजे कमालच होती. मी तडकाफडकी उत्तर दिलं, “सहकार उघड असतो सर, संगनमत लपून.” मला सगळीच उत्तरं तडकाफडकी देता येत त्या वयात. सर म्हणाले, “बघू. वर्षाच्या शेवटी परत विचारीन.”

आता अण्णांच्या कामाचं सांगायला हवं, कारण ते मी कॉलेजात कुणालाच सांगितलं नव्हतं. नेकनूर सोडून पाटोद्याच्या अंगाला गेलं की आमचं गाव. गावात जनावरांचा आठवडी बाजार भरतो, आणि अण्णा त्या बाजारात दलाल. प्रवेशाच्या अर्जावर ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘शेती’ लिहिलं. ते खोटं नव्हतं, चार एकर होतीच. पण ते खरंही नव्हतं, हे मला लिहितानाच माहीत होतं. दलाल हा शब्द शिवीसारखा वापरणाऱ्या मुलींमध्ये राहत होते ना मी! मलाच माझी लाज वाटायची आणि तिचा राग अण्णांवर निघायचा.

जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दलालाच्या खांद्यावर एक मोठा रुमाल असतो. घेणारा आणि दलाल आपापला हात त्या रुमालाखाली घालतात आणि बोटांनी बोलतात. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, अख्खा पंजा धरला की पाच. पंजा धरून मग दोन बोटं, तर सात. बोटाच्या मधल्या पेरावर अंगठा दाबला की अर्धा. वरती तोंडानं वेगळंच चालू असतं. पाऊस, पोराचं लग्न, गुडघ्याचं दुखणं. भोवती वीस माणसं उभी असतात, पण आत काय ठरतंय ते कुणालाही कळत नाही. दलालाचा चेहरा तर हलता कामा नये. अण्णांचा चेहरा हलत नाही, ह्याची बाजारात ख्याती होती.

लहानपणी हा माझा खेळ होता. दिवाळीला किती दिवस राहिले, असं विचारलं की अण्णा खांद्यावरचा रुमाल पुढे करायचे. मी हात घालायचे आणि त्यांच्या खरखरीत बोटांतून आकडा ओळखायचे. बीडहून येताना किती पेढे आणले, शाळेत कितवा नंबर आला, सगळं रुमालाखाली. आई वैतागायची. “तोंडं न्हाईत का तुमाला?” म्हणायची. कॉलेजात गेल्यावर एकदा सुट्टीत आले तेव्हा अण्णांनी सवयीनं रुमाल पुढे केला आणि मी म्हटलं, “अण्णा, आता तोंडानं सांगा की.” त्यांनी रुमाल परत खांद्यावर टाकला. त्यानंतर त्यांनी तो कधी पुढे केला नाही आणि माझ्याही ते फारसं ध्यानात आलं नाही.

माझं शेवटचं वर्ष हे दुष्काळाचं लागोपाठ दुसरं वर्ष. आमच्या खोलीवर तिघी मुली एका ड्रमवर आठवडा काढत होतो. गावाकडे विहिरीनं तळ गाठला होता आणि कडबा तर बघायला मिळत नव्हता. आमच्या दूध सोसायटीनं माळावर चारा छावणी उघडली होती. आसपासच्या गावांची जनावरं तिथं दाव्याला बांधलेली, आणि माणसंही तिथंच. अण्णा आठवड्यातले सहा दिवस आमच्या गाई घेऊन छावणीवर आणि सातव्या दिवशी बाजारात असायचे. बाजार मात्र फुगला होता. विकणारे शेकड्यानं आणि घेणारे मोजून तीन. एक उंच, एक चष्मेवाला आणि एक सतत पान खाणारा. तिघंही बाहेरगावचे.

सरांनी प्रकल्प करायला सांगितला. म्हणाले, “मोठमोठ्या कंपन्या नकोत. आपल्या पायाजवळचं काहीतरी बघा.” मी पायाजवळचा बाजारच घेतला. पंधरा पानं लिहिली आणि कॉलेजसमोरच्या दुकानात टाइप करून आणली. विषय असा: ‘आमच्या आठवडी बाजारातील छुपी भावपद्धत: एक अनिष्ट प्रथा’. भाव लपवला की शेतकरी फसतो, दलालाला रान मोकळं मिळतं, म्हणून रुमाल बंद करून उघडी बोली सुरू करावी, असा सगळा आवेश होता. दलाल हा शब्द त्यात चाळीसेक वेळा तरी आला असेल. प्रत्येक वेळी तो लिहिताना मला थोडं बरं वाटत होतं, हेही कबूल केलं पाहिजे.

ती प्रत घेऊन मी घरी गेले. अण्णा चौथी शिकलेले. त्यांनी पहिलं पान हातात घेऊन बोट फिरवत वाचलं, “आ-ठ-व-डी बा-जा-र.” मग डोळे मोठे करून म्हणाले, “आपल्या बाजारावर लिहिलंय?”

“हाव.”

“ह्यात मी हाय का?”

मी म्हटलं, “हाय की. लई ठिकाणी.”

एवढं बोलून मी गप्प बसले. तिथंच मी सांगायला हवं होतं. पण त्यांचा चेहरा इतका खुलला होता की माझी जीभ रेटली नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी बीडला निघून गेले. ती प्रत घरीच राहिली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी अण्णांनी ती प्रत पिशवीत घालून बाजार समितीच्या संचालकांकडे नेली. पोरीनं बाजारावर पुस्तक लिहिलंय, म्हणून. संचालक म्हणजे गावातले पुढारी. ते समितीच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसले होते, भोवती दलाल, व्यापारी, शेतकरी. अण्णा म्हणाले, “मोठ्यानं वाचा, समद्यांला ऐकू द्या.” संचालकांनी मोठ्यानं वाचलं. पहिल्या पानाच्या शेवटी आवाज बारीक करून त्यांनी अण्णांकडे बघितलं. अण्णा म्हणाले, “वाचा की, थांबले कावून?” आणि सगळी पंधरा पानं त्यांनी उभ्यानं ऐकली. हे मला आईनं सांगितलं आणि तिला ते दुसऱ्या कुणीतरी. अण्णांना मी फोन केला तेव्हा ते एवढंच बोलले, “चांगलं लिहिलंय म्हणले संचालक. भाषा कडक हाय म्हणले.”

चूक मला त्या फोनवरच कळली. पण माझा स्वभाव असा की चूक कळली तरी मुद्दा सोडवत नाही. भाषा कडक झाली असेल, पण मुद्दा तर बरोबर आहे ना, असं मी स्वतःला सांगत राहिले. त्यात संचालकांनी मनावर घेतलं. लेकराचं म्हणणं रास्त आहे, चार बाजार उघडी बोली करून बघू, असं त्यांनी जाहीर केलं. चार बाजार रुमाल बंद. म्हणजे चार बाजार अण्णा बंद.

दुसऱ्या उघड्या बाजाराला मी मुद्दाम गेले, वही-पेन घेऊन. माझी मात्रा कशी लागू पडते ते मला डोळ्यांनी बघायचं होतं. त्याच दिवशी माझी आत्याही आपली बैलजोडी घेऊन आली होती. आत्या म्हणजे अण्णांची धाकटी बहीण, शेजारच्या वाडीत दिलेली. यजमान वारलेले. मुलगा-सून बैलगाडी सोडून ट्रॅक्टरच्या टोळीत ऊसतोडीला गेलेली, त्यामुळे जोडीला काम नव्हतं. छावणीत एका घरामागे ठरावीकच जनावरं घ्यायचे आणि तिच्या दोन गाई आधीच तिथं होत्या. जोडी विकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पण जोडी देखणी होती. आत्यानं आपल्या वाट्याचं पाणी पाजून ती जपली होती. तिला जोडीचं मोल व्हावं असं वाटत होतं, आणि मलाही.

जोडी मध्ये उभी केली. समितीच्या माणसानं पुकारा केला, “बोला!” उंच व्यापारी एक आकडा बोलला. तो आकडा ऐकून मला वाटलं, ही सुरुवात असेल. चष्मेवाल्यानं बैलाच्या खुराकडे बघितलं आणि कान खाजवला. पानवाल्यानं पिंक टाकली आणि म्हणाला, “आपलं न्हाई ह्याच्यावर.” समितीच्या माणसानं तीनदा विचारलं. कुणी हललं नाही. पुढची जोडी आली तेव्हा चष्मेवाला पहिल्यांदा बोलला आणि उंचानं कान खाजवला. तिसऱ्या जोडीला पानवाला. पाळ्या लावल्यासारखं चाललं होतं आणि तेही भर उन्हात, दोनशे माणसांसमोर, पूर्ण उघड. त्यांना आपसात कुठं भेटायचीही गरज नव्हती. एकजण आकडा बोलला की बाकीच्या दोघांना कळत होतं किती पुरे आहे, आणि कुणी वर गेलं तर तेही लगेच कळलं असतं.

माझ्या पुस्तकात हे होतं. विक्रेते थोडे असले आणि एकमेकांचे भाव त्यांना दिसत असले की ठराव मोडणारा लगेच पकडला जातो, म्हणून ठराव टिकतो. हे मी परीक्षेसाठी दोन रंगांत अधोरेखित केलं होतं. इथं फक्त विक्रेत्यांच्या जागी खरेदीदार होते. अधोरेखित करूनही मला ते बाजारात उभं राहीपर्यंत कळलं नव्हतं.

आत्यानं जोडी दिली नाही. कासरे धरून ती अण्णांकडे आली. अण्णा लिंबाखाली हात बांधून उभे होते, खांद्यावर रुमाल तसाच. ती म्हणाली, “दादा, तुमी हात कावून घालत न्हाई?”

अण्णा म्हणाले, “बंद हाय बाई. आपल्या लेकीनं लिहिलंय.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. पाऊस नाही म्हणावं तसं ते म्हणाले. आत्यानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “मंग काही तरी इचार करूनच लिहिलं असंल तिनं.” मी तिथंच वही मिटली.

आत्या जोडी घेऊन छावणीवरच आली. सोसायटीच्या माणसानं कुरकुर करत पुढच्या बाजारापर्यंत परवानगी दिली. दुपारी मी छावणीवर गेले. अण्णा गव्हाणीपाशी उसाचं वाढं तोडून टाकत होते. मी सरळ म्हटलं, “अण्णा, माझं चुकलं.”

“काय चुकलं?”

“समदंच. तुमाला न विचारता लिहिलं. रुमाल काय असतो ते मला ठाऊक नव्हतं.”

“तुला ठाऊक न्हाई?” ते हसले. “चार वरसाची होतीस तवापासून हात घालतीस.”

मग त्यांनी मला शिकवलं. सरांनी वर्षभरात जेवढं शिकवलं तेवढंच, पण वाढं तोडता तोडता. उंचाकडे जायचं, त्याचा हात घ्यायचा. मग चष्मेवाल्याकडे. मग पानवाल्याकडे. उंचानं किती दिले ते चष्मेवाल्याला कळत नाही, म्हणून तो भितो आणि एक बोट जास्त धरतो. “आनी मी काही बोलत न्हाई. निस्तं त्याच्याकडं बगतो. तोंडावर माशी हलू देत न्हाई. त्याला वाटतं, आपण कमी पडलो. स्पर्धा म्हंजे आनखी काय आसती, बाई? दुसऱ्याचं आपल्याला ठाऊक नसणं.”

मी विचारलं, “मग मी लिहिलं ते अगदीच खोटं?”

त्यांनी आणखी एक वाढं तोडून गव्हाणीत टाकलं. मग म्हणाले, “अगदीच न्हाई. इकणाऱ्याला तरी कुठं कळतं कोन किती बोलला ते? दलाल सांगंल ते खरं. मी सांगतो खरं. समदेच सांगतेत आसं न्हाई.” आणि लगेच पुढे म्हणाले, “ते तू लिहिलंस ते बराबर हाय. तेवढं ऐकताना मला बरं वाटलं.”

पंधरा पानांत आपल्यालाच चाळीस वेळा दलाल म्हणून झोडलेलं ऐकणाऱ्या माणसाला त्यातलं एक खरं वाक्य सापडलं होतं आणि त्यानं ते जपून ठेवलं होतं. मला रडू आलं. मी वाढ्याच्या ढिगात तोंड घालून ते लपवलं. अण्णा म्हणाले, “ती बैलाची वैरण हाय, खारट करू नको.”

तिथंच बसून मी त्यांना सरांचा प्रश्न विचारला. सहकार आणि संगनमत यात फरक काय? अण्णांनी छावणीवरून नजर फिरवली. दाव्याला दावं लागून बांधलेली जनावरं, पलीकडे सोसायटीच्या तंबूत चहा उकळत होता. म्हणाले, “ज्यांच्याकडं वैरण न्हाई ते एक झाले, त्याला सहकार म्हणायचं. ज्यांच्याकडं हाय ते एक झाले तर तुझं ते... काय म्हणलीस?”

“संगनमत.”

“हां. ते.”

मी तो आठवडा बीडला गेलेच नाही. नव्यानं लिहून काढलं. ह्या वेळी एक-एक पान आधी अण्णांना वाचून दाखवलं. ते मध्येच थांबवायचे. “पानवाल्याचं नाव नको घालू, त्याला पोरी हायेत लग्नाच्या.” नाव मी घातलंच नव्हतं, पण मान हलवली. शेवटी एकच सूचना उरली: रुमाल असावा, पण तिन्ही व्यापाऱ्यांशी बोलून झाल्यावर दलालानं त्याच रुमालाखाली विकणाऱ्याचा हात घ्यायचा आणि तिघांचे तिन्ही आकडे त्याला सांगायचे. विकणाऱ्याला शंका आली तर व्यापाऱ्यांनी थेट त्याच्या हातात आपला आकडा द्यावा, खरं-खोटं आपोआप कळेल. विकणाऱ्याला सगळं कळावं आणि घेणाऱ्यांना एकमेकांचं काही कळू नये. अण्णा ऐकून म्हणाले, “हे मला आधी सुचायला पायजे होतं.” त्यांच्या तोंडून मला मिळालेलं हे सर्वांत मोठं सर्टिफिकेट.

पुढच्या बाजाराच्या दिवशी संचालकांकडे मी स्वतः गेले आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. पहिल्या लेखात मी चूक केली, हे पहिलंच वाक्य होतं. संचालक म्हणाले, “तू वकील होणार आन् चुकलं म्हणतीस? धंदा कसा चालंल?” लोक हसले. एक म्हातारे दलाल उठून म्हणाले की विकणाऱ्याला तिन्ही आकडे सांगायचे म्हणजे आमच्यावर इस्वास न्हाई का? अण्णा तेवढ्यात म्हणाले, “माझ्यापासून सुरू करा.” म्हातारे खाली बसले. तिसरा उघडा बाजार झालाच नाही.

आत्याची जोडी त्याच दिवशी विकली. अण्णांनी तिघांचे हात घेतले. उंचाशी ते टँकरच्या पाण्याबद्दल बोलत होते, चष्मेवाल्याशी त्याच्या मोतीबिंदूबद्दल. मग आत्याचा हात रुमालाखाली घेतला. भावाबहिणीचा हात, त्यामुळे कुणी भुवई उंचावली नाही. तिला बोटांची भाषा येत नसेल असं मला वाटलं होतं, पण ती लहानपणी त्याच घरात वाढली होती. पहिला आकडा, दुसऱ्याला तिच्या डोळ्यांत पाणी आलं, मग तिसरा. ती पदर तोंडाला लावून म्हणाली, “चष्मेवाल्याला देऊन टाका दादा.” आकडा किती ते तिनं मला आजपर्यंत सांगितलेलं नाही. उघड्या बाजारातल्यापेक्षा जास्त होता एवढं खरं, कारण जाताना तिनं माझ्या गालावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली.

तोंडी परीक्षेला औरंगाबादहून एक परीक्षक बाई आल्या होत्या. त्यांनी माझा प्रकल्प उघडला आणि म्हणाल्या, “करून दाखव.” हातरुमालाएवढी आपली छोटी दस्ती त्यांनी पुढे केली. तिच्याखाली एक हात मावेना, म्हणून मी माझी ओढणी पसरली. त्यांनी माझी बोटं दाबली, मी आकडा सांगितला. मग मी दाबली, त्यांचं दोनदा चुकलं. कोपऱ्यात बसलेले सर घड्याळ बघत होते, पण हसत होते. मग सरांनीच सहकार आणि संगनमताचा प्रश्न विचारला. वर्षाच्या शेवटी परत विचारीन म्हणाले होते ना सर! मी अण्णांचं उत्तर शब्दाला शब्द दिलं, फक्त वैरणीच्या जागी ताकद म्हटलं आणि मग वाटलं, वैरणच बरी होती, म्हणून तीही सांगितली. बाईंनी विचारलं, “हे कुठल्या पुस्तकात आहे?” मी म्हटलं, “वडिलांनी सांगितलं, मॅडम. ते जनावरांच्या बाजारात दलाल आहेत.” हे वाक्य मी कॉलेजात पहिल्यांदाच म्हणत होते. म्हटल्यावर फार हलकं वाटलं.

निकाल लागला तो नेमका बाजाराचा दिवस. कॉलेजच्या फलकावर आकडा बघितला आणि मिळेल ती गाडी पकडून दुपारी गाव गाठलं. बाजार अजून उठला नव्हता. अण्णा लिंबाखाली, भोवती नेहमीची मंडळी, तिन्ही व्यापारीसुद्धा. मला बघून कुणीतरी ओरडलं, “लागला का स्पर्धाचा निकाल?” सगळे वळले. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, पण विचारलं काहीच नाही.

मी जवळ गेले, त्यांच्या खांद्यावरच्या रुमालाचं टोक उचललं आणि खाली हात घातला. क्षणभर खाली काहीच नव्हतं. मग त्यांचा हात आला. तसाच खरखरीत, वैरणीनं चिरलेला. मी अख्खा पंजा धरला, मग तीन बोटं. थोडी थांबले, आणि मग एककाची दोन बोटं. ते वरती कुणाला तरी म्हणत होते की औंदा मृग तरी बरसंल का न्हाई कुणास ठाऊक. त्यांनी माझा पंजा घट्ट दाबला आणि सोडलाच नाही.

“आवो किती पडले?” पानवाल्यानं विचारलं.

“बंद सौदा हाय,” अण्णा म्हणाले.

“तहसीलदार तरी झाली का न्हाई?”

“त्याच्याहून वर,” अण्णा म्हणाले. त्यांनी एवढ्या वर्षांत हजारो सौदे केले, पण कधी चेहरा हलू दिला नव्हता. त्या दुपारी मात्र तो इतका हलला की रुमालाखालचा आकडा अख्ख्या बाजाराला कळला.